संडासाचा पाइप गळतोय? आधी कागद गुंडाळा

पाइप जिथून ठिबकतो तिथेच तो गळत असतो असं नाही. पाणी वरच्या जोडातून निसटतं, पाइपाच्या अंगावरून ओघळतं आणि खालच्या वाकावर थेंब धरतं. मग एम-सील (गळती बुजवायची, मळून लावायची पुट्टी) भलत्याच जागी थापलं जातं.

१. हातमोजे घालून ४ इंची पाइप फडक्याने कोरडाठाक पुसा.
२. प्रत्येक जोडाच्या लगेच खाली टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा.
३. कुणाला तरी संडासाच्या भांड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगा. सगळ्यात वरची जी पट्टी भिजेल, तिच्या वरचा जोड गळतोय.

पाणी न ओतताच पट्ट्या ओल्या झाल्या, तर आधी नळाची लाइन तपासा. संडास फोडायची घाई नको.

जोड सापडला की तिथला चिकटा घासून काढा, पुन्हा कोरडा करा. एम-सीलचे दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळा आणि पाइपाभोवती पूर्ण वेढा दाबून बसवा. हे रात्री झोपताना करणं सोयीचं, कारण सकाळपर्यंत तो संडास वापरायचा नाही.

जोड स्लॅबच्या आत असेल तर मात्र बाहेरून लेप देऊ नका, पाणी आत मुरत राहतं. तिथे प्लंबरच हवा.