उकार कापले जात होते, म्हणून पान हाताने लिहिले
आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी एका दृश्य संपादकात, म्हणजे चौकटी ओढून पान रचण्याच्या साधनात, तयार केले होते. संगणकावर ते नीट दिसे. मोबाइलवर मात्र पुस्तकांच्या शीर्षकांतील उकार आणि रफार कापले जात. मराठी वाचनालयाच्या पानावर मराठीच अर्धवट दिसावी, हे मला सहन होईना.

ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे पानामागचा कोड दाखवणाऱ्या साधनात, पाहिल्यावर कारण उमगले: साधनाने प्रत्येक चौकटीला पिक्सेलमध्ये ठरावीक उंची दिली होती, ओळीची उंची (लाइन-हाइट) अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ठेवली होती आणि चौकटीबाहेर जाणारा मजकूर लपवला होता. रोमन अक्षरांचे तेवढ्यात भागते. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असलेल्या देवनागरीचे भागत नाही. संपादकात मूल्ये बदलली, तरी पान जतन करताच जुनी परत येत.

अखेर ग्रंथसूचीचे पान मी हाताने, म्हणजे स्वतः कोड टाइप करून, लिहिले. चौकटींची ठरावीक उंची काढली, लाइन-हाइट १.७ केली आणि स्तंभ सीएसएस ग्रिडने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतील जाळीच्या रचनेने) असे मांडले की अरुंद पडद्यावर ते एकाखाली एक येतात. अक्षरे आता पूर्ण दिसतात. सूचनांचे पान मात्र संपादकातच ठेवले आहे, कारण ते ग्रंथपालबाई स्वतः बदलतात आणि त्यासाठी त्यांना कोड शिकायला लावणे मला योग्य वाटत नाही.