बियाणं उगवलं नाही, केळीचे पैसे अडकले: हक्काची दाद कशी मागावी

खान्देशात ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे तो मृगाची वाट न बघता ठिबकवर कापूस लावतो. आठ-दहा दिवसांनी सरीत निम्म्या जागा रिकाम्या दिसल्या की तो दुकानदाराकडे जातो. दुकानदार म्हणतो, "भाऊ, पाणी कमी-जास्त झालं असेल." कंपनीचा माणूस येतो, मोबाईलवर फोटो काढतो, "वर कळवतो" म्हणतो आणि निघून जातो. हंगाम थांबत नाही, म्हणून शेतकरी दुबार लागवड करतो आणि पुरावा स्वतःच्याच हाताने मोडतो. कायदा बाजूने असूनही तो हरतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते सांगतो.

आधी ठरवा: या व्यवहारात आपण घेणारे की विकणारे?

पुढची सगळी वाट या एका उत्तरावर ठरते. पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेतली असेल तर आपण ग्राहक, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ आपल्या कामाचा. बियाणं, केळीची टिश्यूकल्चर रोपं, पाण्याचा पंप, विमा, मंगल कार्यालय, गावातल्या दुकानातला फ्रिज हे सगळं त्यात येतं. मात्र आपण केळी किंवा कापूस व्यापाऱ्याला विकला आणि त्याने पैसे दिले नाहीत, तर तिथे आपण ग्राहक नाही. तिथे भारतीय करार अधिनियम १८७२ लागतो आणि दारही वेगळं असतं. चुकीच्या दारात वर्ष-दोन वर्षं घालवणारी माणसं आहेत, आणि तोवर खऱ्या दाराची मुदत संपत येते.

धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात येत नाही, पण त्याला महत्त्वाचा अपवाद आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली पिठाची गिरणी, शिवणयंत्र किंवा मालवाहू रिक्षा या कायद्याखाली येते. शेतकरी नफ्यासाठी बियाणं घेतो, म्हणून तो ग्राहक नाही, असा युक्तिवाद बियाणे कंपन्यांनी केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात तो फेटाळला. बियाणे कायदा वेगळा असला तरी शेतकऱ्याला ग्राहक म्हणून भरपाई मागता येते, हे त्या निकालाने पक्कं झालं.

मग करार कशावरून सिद्ध होईल ते गोळा करा

तोंडी करारही कायद्याने करारच असतो. स्टॅम्प पेपर नव्हता म्हणून हक्क बुडाला, हा गैरसमज आधी सोडा. प्रश्न सिद्ध करण्याचा असतो. दुकानदार म्हणतो, "पक्कं बिल घेतलं तर जास्त पडेल." हे वाचवलेले पैसे फार महाग पडतात. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर वाण, लॉट क्रमांक आणि तारीख आहे ना, हे दुकानातच बघा.

रिकामं पाकीट फेकू नका, आत चिमूटभर बियाणंही राहू द्या. पाकिटावर उगवणशक्तीचा टक्का छापलेला असतो. तो टक्का म्हणजे कंपनीने तुम्हाला दिलेलं लेखी वचन आहे, आणि भांडण त्यावरच उभं राहतं.

व्हॉट्सअॅपवर भाव ठरला असेल तर मूळ संदेश फोनमधून पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट कमजोर पुरावा ठरतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

पंचनामा: सगळं वजन इथे

उगवण कमी दिसली त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. बियाण्याच्या तक्रारींसाठी तालुका पातळीवर समिती असते, तिच्यात कृषी अधिकाऱ्यांसोबत शास्त्रज्ञही असतात. पाहणीची तारीख दुकानदाराला आणि कंपनीला कळवावी, अशी मागणी अर्जातच लिहा. "आम्हाला न सांगता पंचनामा केला" ही कंपनीची नेहमीची हरकत आहे, आणि ती टिकतेही.

समिती शेतावर आली की सोबत उभे राहा. अहवालात नुसतं "उगवण कमी आहे" एवढं आलं तर तो अहवाल अर्धा आहे. जमिनीत ओल किती होती, बी किती खोल पडलं, त्याच शेतात दुसऱ्या लॉटचं बियाणं नीट उगवलं का, हे लिहून घ्यायला सांगा. दुसरी कारणं बाद झाली की दोष बियाण्याकडे येतो. त्याच लॉटचं बियाणं शेजाऱ्याचंही वाया गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. दुबार लागवड थांबवता येत नसेल तर काही सऱ्या तशाच ठेवा आणि तेवढ्या समितीला दाखवा.

प्रयोगशाळेत पाठवायला बियाणं उरलं नाही म्हणून घाबरू नका. शेतकऱ्याने बियाणं तपासणीसाठी राखून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही, हेही २०१२ च्या त्याच निकालात आहे. कंपनीला शंका असेल तर त्या लॉटचा नमुना तिने द्यावा.

नोटीस

ग्राहक तक्रारीआधी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, तरी द्या. बरीच भांडणं तिथेच मिटतात. भाषा साधी ठेवा, रागाचं वाक्य एकही नको:

"दिनांक ___ रोजी आपल्या दुकानातून कापूस बियाण्याची ४ पाकिटं, लॉट क्र. ___, बिल क्र. ___ अन्वये घेतली व २ एकरांत लावली. पाकिटावर नमूद उगवणशक्तीच्या तुलनेत उगवण फारच कमी झाली. समितीच्या दिनांक ___ च्या अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. बियाण्याची किंमत, लागवडीचा खर्च व उत्पन्नातील घट मिळून रु. ___ नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावेत. अन्यथा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करण्यात येईल."

दुकानदार आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपून ठेवा. उत्तराची वाट बघत मात्र बसू नका. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून दाव्याची मुदत वाढत नाही.

विकणाऱ्याची वाट

रावेर-यावलकडे केळीचा सौदा बऱ्याचदा फोनवर होतो. बाग कापली जाते, गाडी भरते आणि "आठ दिवसांत टाकतो" एवढ्यावर माल जातो. गाडी हलण्याआधी भाव, वजन आणि पैसे देण्याची तारीख एका संदेशात लिहून पाठवा आणि व्यापाऱ्याचं "ओके" घ्या. काट्याची पावती आणि गाडीचा नंबर त्याच संदेशाखाली टाका. एवढं केलं तरी करार उभा राहतो.

पैसे आले नाहीत तर तीन वर्षांत दिवाणी दावा करता येतो. व्यापारी परवानाधारक असेल तर बाजार समितीकडेही लेखी तक्रार द्या. चेक दिला आणि तो वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकच्या कायद्याच्या) कलम १३८ च्या तारखा पाठ हव्यात: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते उलटल्यावर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या पक्षकारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

लग्नसराईतले दोन प्रश्न

तारीख मोडली आणि मंगल कार्यालय "अॅडव्हान्स परत मिळणार नाही" म्हणतं. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाईच मिळते, छापील अट काहीही असो. त्याच तारखेला कार्यालय दुसऱ्याला गेलं का, हे लेखी विचारा. गेलं असेल तर त्यांचं नुकसान फारसं नाही आणि सगळी रक्कम ठेवून घेण्याला आधार उरत नाही.

दुसरा प्रश्न सोन्याचा. जळगावच्या सराफ बाजारात खरेदी करा किंवा आणखी कुठे, दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, दुकानातच भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा. हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची नियमात तरतूद आहे.

ग्राहक आयोगात

१९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. तिथे मिटलं नाही तर जिल्हा आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे तो आहे. कंपनी पुण्याची असो की हैदराबादची, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनसुद्धा. मोजली जाते ती आपण दिलेली किंमत: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. वकील लागतोच असं नाही, स्वतः बोलता येतं.

तक्रारीत घटना तारखेनुसार लिहा, प्रत्येक वाक्यामागे एक कागद जोडा. नुकसानीचा आकडा फुगवू नका. मागच्या हंगामाच्या विक्रीच्या पावत्या लावून तो सिद्ध करा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, म्हणून प्रत्येक तारखेला हजर राहा.

निकाल आपल्या बाजूने लागला की ४५ दिवस अपिलासाठी असतात, आणि समोरच्याला अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशी वेळ आली तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. ग्राहक कायद्याच्या कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जाला निकालाची प्रमाणित प्रत लागते, ती निकालानंतर लगेच मागून घ्या.