मुदतवाढ मिळाली म्हणून टाळ्या वाजवू नका

जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) कधी, टू-बी (खरेदीवरच्या क्रेडिटचं पोर्टलवर येणारं पत्रक) कधी पडतं, ३बी (कर भरायचं विवरणपत्र) कधी, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. नसेल तर पहिल्याच महिन्यात अकरा तारखेच्या रात्री कळेल. मला बोलायचंय ते ऑडिट सीझनमध्ये आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारा उमेदवार, कसा विझत जातो याबद्दल. सीए इन्स्टिट्यूटच्या कुठल्या मॉड्यूलमध्ये हे नाही, आणि सोलापुरातल्या छोट्या ऑफिसात तर कुणी बोलतच नाही. दोन केबिन, चार आर्टिकल, एक पेड असिस्टंट आणि शंभर फायली. बोलायला वेळ कुणाला आहे?

माझं सगळं गणित ‘तारीख झाली की’ यावर चालायचं. तारीख झाली की झोपेन, तारीख झाली की हुरडा खायला जाऊ, तारीख झाली की डोळे तपासून घेईन. मी आर्टिकल होते तेव्हा आकारणी वर्ष २०२१-२२ चं टॅक्स ऑडिट, म्हणजे आयकरासाठीची हिशेबतपासणी, चालू होतं. अहवाल भरायची मूळ तारीख ३० सप्टेंबर २०२१. ती वाढून १५ जानेवारी २०२२ झाली. मग ऐन संक्रांतीच्या तोंडावर, ११ जानेवारीला, ती १५ फेब्रुवारी झाल्याचं परिपत्रक आलं. ऑफिसात जल्लोष. सरांनी भजी मागवली. मीही हसले, कारण त्या क्षणी खरंच सुटल्यासारखं वाटतं.

मग काय होतं ते नीट सांगते, कारण इथेच सगळे अडकतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला, जो आज रात्री स्टॉक आणि बँक स्टेटमेंट पाठवणारच होता, तो हात आखडता घेतो. त्याचे दिवाणजी अण्णा फोनवर म्हणतात, “आता काय गडबड आहे म्याडम?” अर्धी झालेली फाईल अर्धीच राहते. तीन आठवड्यांनी उघडली की क्लोजिंग स्टॉक कशावरून धरला होता, सुताच्या खरेदीतला तो फरक कसला होता, सगळं पुन्हा आठवत बसायचं. म्हणजे एकच काम दोनदा. आणि इकडे ऑडिटची तारीख सरकली तरी सातचा टीडीएस, अकराचं जीएसटीआर-१, पंधराचा पीएफ, वीसचं ३बी तसूभर हलत नाही. पूर्वी जे एकामागून एक होतं ते आता एकावर एक येतं. शेवटच्या आठवड्यात गर्दी तीच, पोर्टल तसंच गोल फिरतंय. मुदतवाढ क्लायंटला मिळते. तुमच्या वाट्याला फक्त लांबलेला सीझन येतो, आणि ‘तारीख झाली की’ घ्यायची विश्रांती तारखेच्या शेपटाला बांधलेली असल्यामुळे तीही पुढे जाते.

हे एकदाच घडलं असं समजू नका. २०२४ ला ३० सप्टेंबरची ७ ऑक्टोबर झाली. २०२५ ला आधी ३१ ऑक्टोबर, मग १० नोव्हेंबर. म्हणजे अख्खी दिवाळी ऑडिटच्या ३सीडी फॉर्मच्या कलमांत. यापुढे काय होईल सांगता येत नाही, पण तारखेवर विसंबून राहू नका.

आता दमणं आणि बर्नआउट यातला फरक. दमलेला माणूस दोन दिवस झोपला की उठतो. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय आणि तीन खुणा दिल्यात: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याच्याने नीट काम होत नाही ही भावना. पहिली खूण सगळ्यांना कळते. दुसरी कुणी मोजत नाही. मला ती अण्णांवर ओरडले तेव्हा कळली. वडिलांच्या वयाचा माणूस, मोडक्या मराठीत इतकंच विचारत होता की चलन भरलं का. फोन वाजला की पोटात गोळा यायचा आणि एखाद्या क्लायंटला नोटीस आली की आतून बरं वाटायचं. असं बरं वाटायला लागलं तर थांबा. खरंच थांबा.

घाबरूही नका. यातून लोक बाहेर येतात, मी आले. आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ कमी-जास्त असलं तरी असाच थकवा येतो आणि त्यावर सोपे उपचार आहेत. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तारीख-बिरीख बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलता येतं.

विश्रांतीचा दिवस आधी ठरवा, आणि तो सरकारी कॅलेंडरवरून ठरवू नका. माझा एकवीस तारखेनंतरचा पहिला रविवार ठरलेला असतो, मुदत वाढो न वाढो. त्या दिवशी टॅली नाही, लेक्चरही नाही. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको: चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा आपण घागरी भरून ठेवतो, तशी झोप साठवता येत नाही. आणि मुदतवाढीची बातमी क्लायंटला आपणहून सांगू नका. त्याच्यासाठी तीस सप्टेंबर ती तीस सप्टेंबर. सरांना हे पटवणं जड जातं, पण पटतं.

सरांशी बोलताना ‘खूप लोड आहे’ म्हणू नका, त्याला उत्तर ठरलेलं आहे: “आम्ही तर आर्टिकलशिपमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत…” फायलींची यादी न्या. या सहा या आठवड्यात होतील, या चार होणार नाहीत, कुठली आधी करू? आठवड्याला पस्तीस तासांचा नियम आहे हे माहीत असू द्या, पण पहिल्या दिवशी तो तोंडावर फेकू नका. माझं स्पष्ट मत आहे, ज्यांना कधी सुट्टी घेताना पाहिलं नाही त्यांच्याकडून टॅक्स ऑडिट शिका, वेळेचं नियोजन शिकू नका. ते शिकायला ऑफिसातला जुना पेड असिस्टंट बरा. आमच्या ऑफिसातले असे काका साडेसहाला डबा उचलून निघायचे आणि त्यांची एकही फाईल अडकलेली नसायची.

जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप दोन वर्षांची झालीय. छान आहे. पण तीन वर्षांचं शिकणं दोनमध्ये कोंबायच्या नादात प्रत्येक असाइनमेंटला हात वर करू नका. सीए फायनल परीक्षेआधी सहा महिने मोकळे मिळतात. ते अभ्यासाला हवेत, आजारपण काढायला नकोत.

आणि शेवटचा शॉर्टकट, जो मला सगळ्यात घातक वाटतो. जीएसटी नोंदणीत क्लायंटऐवजी आपला मोबाइल नंबर टाकणं. ओटीपीसाठी अण्णांना फोन करायला नको म्हणून सगळे करतात. मग सिद्धेश्वर तलावावर बसलेले असा नाहीतर मामाच्या लग्नात, ओटीपी तुमच्याकडे येतो आणि ऑफिसचा फोन त्यामागून. नव्या नोंदणीत मालकाचाच नंबर टाका. जुन्यांत पोर्टलवर नॉन-कोअर अमेंडमेंटमध्ये (किरकोळ बदलांच्या अर्जात) जाऊन ऑथोराइज्ड सिग्नेटरीचा, म्हणजे सहीचा अधिकार असलेल्याचा, नंबर बदला. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त अकरा ते वीसच्या मध्ये करू नका, आणि बदलायच्या आधी अण्णांना कळवा, नाहीतर ते ओटीपी फसवणुकीचा समजून डिलीट करतात.