रेनेसान्सची फरशी घरी काढून बघा: अल्बर्टीची पद्धत, फक्त स्केल-पेन्सिल

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवणं, शिकवणारे ढीगभर व्हिडिओ आहेत, पण बरेचसे एक व्हॅनिशिंग पॉइंट (मागे जाणाऱ्या सगळ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू) देतात, त्यातून रेषा ओढायला लावतात आणि आडव्या रेषांची वेळ आली की अंदाजाने मारा म्हणतात. माझ्या मते खरी गंमत त्या आडव्या रेषांतच आहे. रेनेसान्सकाळातला इटालियन वास्तुविशारद आणि लेखक लिओन बात्तिस्ता अल्बर्टी याने १४३५ मध्ये चित्रकलेवर लिहिलं तेव्हा त्याने हेच धरलं होतं, काही चित्रकार फरशीची मागची प्रत्येक आडवी पट्टी तिच्या पुढच्या पट्टीच्या दोन तृतीयांश काढायचे आणि ते साफ चूक आहे असं तो म्हणतो. का चूक ते स्वतः काढलं की लगेच कळतं.

दोन ए-फोर कागद, स्केल, टोकदार पेन्सिल घ्या. पहिल्या कागदावर १८ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच चौकट आखा. आता आधी माणूस किती उंच ते ठरवायचं, अल्बर्टीही तिथूनच सुरू करतो, माणूस म्हणजे तीन ब्राच्चो (फ्लॉरेन्सचा ब्राच्चो साधारण ५८ सेंमी). आपला माणूस ६ सेंमीचा, म्हणजे एक ब्राच्चो २ सेंमी, तर खालच्या रेषेवर दर २ सेंमीला खूण करा, नऊ भाग होतील. मग तळापासून ६ सेंमीवर एक फिकट आडवी रेषा, हे क्षितिज, आणि तिच्या बरोब्बर मध्यावर टिंब. खालच्या सगळ्या खुणा त्या टिंबाला जोडून टाका. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

आता दुसरा कागद आडवा धरा. यात आपण तेच दृश्य बाजूने बघतोय. तळाशी २८ सेंमीची रेषा, तिच्या डाव्या टोकाच्या सरळ वर ६ सेंमीवर टिंब, हा बघणाऱ्याचा डोळा. डाव्या टोकापासून १८ सेंमीवर एक उभी रेषा, हा म्हणजे आपला पहिला कागद, कडेने दिसणारा. त्याच्या पलीकडे दर २ सेंमीला पाच खुणा, या फरश्या. डोळ्यापासून प्रत्येक खुणेपर्यंत रेषा ओढा आणि उभ्या रेषेला त्या कुठे कापतात ते मोजा: ६, ११, १५, साडेअठरा, साडेएकवीस मिमीच्या आसपास यायला हवं. हीच मापं पहिल्या कागदावर तळापासून घेऊन आडव्या रेषा मारा, झाली फरशी.

बरोबर आलीय का हे कुणाला विचारायला जायचं नाही, चाचणी अल्बर्टीनेच देऊन ठेवलीय. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या फरशीपासून तिरपी रेषा ओढा, ती पाचही फरश्यांच्या कोपऱ्यांतून एका सरळ रेषेत गेली पाहिजे. दोन तृतीयांशवाल्या पद्धतीने (६, ४, २.७ मिमी असं) काढून तीच रेषा जोडून बघा, ती वाकते. अंदाज आणि भूमिती यांतला फरक एका रेषेत दिसतो, मला तर हे प्रत्येक वेळी भारी वाटतं.

माणसं उभी करायची असतील तर आणखी सोपं. माणूस ज्या जागी उभा आहे तिथल्या फरशीची रुंदी मोजा आणि तिप्पट उंची द्या. तिसऱ्या आडव्या रेषेवर रुंदी दीड सेंमी येते, म्हणजे माणूस साडेचार सेंमी, आणि डोकं आपोआप क्षितिजाला टेकतं. पुढचा असो की मागचा, पाय वरखाली होतात, डोकी एका रेषेत राहतात.

हे हाताखालून गेलं की मग मासाच्चो या चित्रकाराचं त्रिनिटी हे भित्तिचित्र बघा, फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोवेल्ला चर्चमधलं, साधारण १४२७ चं. छताचे चौकोन मागे जाताना कसे आखूड होतात ते नीट बघा, त्या भिंतीच्या गिलाव्यात त्याने कोरलेल्या रेषा अजून आहेत. लिओनार्दोच्या लास्ट सपरमध्येही येशूच्या कानशिलाजवळ खिळ्याचं भोक सापडलंय, सगळ्या रेषा तिथेच जातात.

शेवटी फ्लॉरेन्सचा वास्तुविशारद ब्रुनेलेस्की याचा आरसा, हा मात्र चुकवू नका. अल्बर्टीच्या आधीच त्याने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्तेरीचं (बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचं) चित्र एका फळीवर काढून त्यात भोक पाडलं होतं, चित्राच्या बाजूने मसुराएवढं, मागे मोठं होत गेलेलं, आणि आकाशाच्या जागी चकचकीत चांदी, म्हणजे खरे ढग त्यात दिसावेत. आपण तेच करायचं: फरशी जाड पेनाने गिरवून कागद पुठ्ठ्यावर चिकटवा, मधल्या टिंबात भोक पाडा, मागून एक डोळा लावा आणि समोर आरसा धरा. आरसा ९ सेंमीवर हवा, कारण प्रतिबिंब दुप्पट लांब दिसतं, म्हणजे बरोबर आपले १८ सेंमी. इतक्या जवळचं धूसर दिसत असेल तर सगळी मापं दुप्पट करून मोठ्या ड्रॉइंग शीटवर काढा आणि आरसा १८ सेंमीवर न्या.