आवडत्या बाईंवर लिहायला बसाल तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेची स्मरणिका काढायचं ठरलं आणि चौथीच्या बाईंवरचा लेख माझ्याकडे आला. आमचं गाव खटाव तालुक्यातलं, आता माझं तिथेच किराणा दुकान आहे. पहिल्याच कागदावर मी लिहिलं, 'बाई अत्यंत प्रेमळ, शिस्तप्रिय आणि विद्यार्थिप्रिय होत्या.' वाचून पाहिलं तर ते कुठल्याही बाईंना लागू पडलं असतं. माझ्या बाई त्यात नव्हत्याच. तो कागद बाजूला ठेवला. पुढचे तीन आठवडे जे केलं ते सांगते, तुमच्याही मनात असे कुणी गुरुजी किंवा बाई असतील तर उपयोगी पडेल.

लगेच लेख लिहू नका. चार-पाच दिवस एक कागद जवळ ठेवा आणि आठवेल तसं टिपत जा. त्यात गुण नकोत. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच. माझ्या कागदावर आलं ते असं: बाई फळा ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि वाळेपर्यंत खडू टेकवायच्या नाहीत. तेवढ्यात आम्ही बाराचा पाढा म्हणायचा. पाढा संपायला आणि फळा वाळायला एकच गाठ पडायची. नवा खडू हातात घेतला की त्याचे तीन तुकडे करायच्या, एक स्वतःला, दोन पुढच्या बाकावर.

मग यातला एकच प्रसंग निवडा आणि त्याला हवी तेवढी जागा द्या.

माझा प्रसंग सवायकीचा, म्हणजे सव्वाच्या पाढ्याचा. सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा, साडेसात... आमचं सगळं तोंडपाठ होतं, पण सव्वा म्हणजे हातात किती, ते कुणाला ठाऊक नव्हतं. एका बाजारच्या दिवशी बाईंनी वर्गात तराजू, वजनं आणि पाटीभर गवार आणली. मला पुढे बोलावलं. 'पाव किलो मोज.' मी पाव किलोचं वजन शोधू लागले. पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे ग्रॅम, एक किलो. पाव किलोचं काही सापडेना. सगळा वर्ग बघत होता. बाईंनी घाई केली नाही, हळूच सांगितलंही नाही. त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. शेवटी मी दोनशेवर पन्नास ठेवलं. गवार टाकत गेले आणि दांडी आडवी झाली. मग किलोबरोबर तीच दोन वजनं ठेवून सव्वा किलो. असे चार वाटे सतरंजीवर मांडले. चारही एकदम एका पारड्यात टाकले आणि दुसऱ्यात पाच किलोचं वजन ठेवलं. काटा मधोमध थांबला.

'चार सव्वा?' बाईंनी विचारलं.

'पाच!' वर्ग ओरडला.

आजही दुकानात कुणी सव्वा किलो साखर मागितली की मला ती सतरंजी दिसते. असं काही तुमच्या हातात उरलं असेल तर ते नक्की लिहा.

आता पडताळणी. हे काम टाळू नका, आठवण फसवते. इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी बाईंनी रडत रडत वर्गात सांगितली, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तारीख पाहिली, ३१ ऑक्टोबर १९८४. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झालं होतं, म्हणजे शाळेला दिवाळीची सुट्टी होती. वर्गमैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी बाईंनी आम्हाला दोन मिनिटं उभं केलं होतं, तेच तुझ्या डोक्यात आहे. तिचं बरोबर होतं. गवारीबद्दल मात्र आमचं जुळलं नाही, तिच्या मते त्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. अशा वेळी दोन्ही लिहून ठेवा.

कडू असेल तेही लिहा. बाईंनी एकदा वही हरवल्याचा आळ माझ्यावर घेतला आणि मला व्हरांड्यात उभं केलं. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी, सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, 'काल माझं चुकलं.' नऊ वर्षांच्या मुलीला मोठं माणूस असं म्हणू शकतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. आळ गाळला असता तर हे वाक्यही गेलं असतं.

जुना फोटो मिळाला तर मोबाइलनं काढताना फ्लॅश बंद ठेवा, खिडकीच्या उजेडात काढा. मागे नावं लिहायची तर पेन्सिलनं, हलक्या हातानं, डावीकडून उजवीकडे.

आणि तुमचे गुरुजी किंवा बाई हयात असतील तर लेख छापायच्या आधी त्यांना वाचायला द्या. पाच सप्टेंबरची किंवा गुरुपौर्णिमेची वाट बघू नका. आवाज रेकॉर्ड करणार असाल तर पंखा बंद करा. 'तेव्हा कसं वाटायचं?' असं विचारलं तर 'छान' एवढंच उत्तर मिळतं. 'पहिल्या शाळेला जायची वाट कुठून होती?' असं विचारा.

बाई आता कराडला लेकीकडे असतात, ऐकू कमी येतं. म्हणून मी लेख मोठ्या अक्षरात लिहून नेला. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचला. सवायकीपाशी थांबल्या.

'गवारच होती,' म्हणाल्या. 'तुझ्या वडिलांनी दिली होती. मी बाजारात विकत घ्यायला गेले तर पैसे घेईनात. म्हणाले, पोरीला माप कळू दे.'

वडिलांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. घरी येऊन मी ते पान पुन्हा लिहिलं.