घरातल्या टोमॅटोला फळ धरत नाही? आधी फूल हलवा

कोल्हापुरात राजारामपुरी असो की ताराबाई पार्क, फ्लॅटच्या बंद गॅलरीत टोमॅटोचं रोप वाढवणं अवघड नाही. रोप कमरेएवढं होतं, पिवळ्या फुलांचे घोसही येतात. मग एकेक फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडून गळतं आणि महिनाभर टोमॅटो काही दिसत नाही. अशा वेळी बहुतेक जण खताची पिशवी उघडतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की खताला हात लावण्याआधी फुलाकडे बघा. बंद घरात कमी पडतो तो बहुतेक वेळा वारा.

फूल कसं असतं

टोमॅटोचं फूल खाली मान घालून असतं. मधोमध पिवळी निमुळती नळी दिसते, ती म्हणजे एकमेकांना चिकटलेले पुंकेसर. स्त्रीकेसर त्या नळीच्या आत असतो. म्हणजे नर आणि मादी भाग एकाच फुलात, त्यामुळे फळासाठी दुसरं झाड लागत नाही, एकच कुंडी पुरते. अडचण एवढीच की पुंकेसर आतल्या बाजूला उघडतात आणि परागकण नळीतच राहतात. चाळणीला टिचकी मारल्यावर पीठ पडावं तसे ते फूल थरथरलं की खाली येतात आणि वाटेत स्त्रीकेसराच्या टोकाला चिकटतात.

शेतात हे काम वारा करतो. भुंगाही करतो: तो फुलाला धरून लटकतो, पंख न हलवता अंग घुमवतो आणि पराग झाडून घेतो. नेहमीच्या मधमाशीला ही कला येत नाही. युरोपातल्या काचघरांमध्ये पूर्वी माणसं हातात थरथरणारी कांडी घेऊन घोसाघोसाला लावत फिरायची. १९८७ च्या सुमारास तिथे खास पाळलेल्या भुंग्यांच्या पेट्या मिळू लागल्या, तेव्हा ते काम सुटलं. आपल्या गॅलरीला तर जाळी लावलेली असते, भुंगा येणार कुठून?

हलवायचं कसं

वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन-तीनपर्यंतची. तोवर पराग कोरडे आणि मोकळे झालेले असतात. पाकळ्या पूर्ण मागे वळलेलं फूल तयार समजावं. घोसाच्या देठाला मागून बोटाने चार-पाच हलक्या टिचक्या माराव्यात. बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश असेल तर त्याची मागची बाजू देठाला दोन-तीन सेकंद टेकवावी, हा उपाय टिचकीपेक्षा खात्रीचा. फुलाला थेट लावू नये, पाकळ्या फाटतात. रंगाच्या कुंचल्याने फूल वरून चोळण्याचा सल्ला खूप जण देतात, पण पराग नळीच्या आत असल्याने त्याचा उपयोग कमीच.

एक फूल दोन-तीन दिवस चांगलं उमललेलं राहतं, म्हणून रोज किंवा एक दिवस आड हे करायला हवं. जोडीला टेबल फॅन मंद वेगावर तासभर लावला तर फारच उत्तम.

फुलं हलवूनही गळत असतील तर नळीचं टोक निरखून पाहा. हिरवी काडी, म्हणजे स्त्रीकेसर, नळीबाहेर डोकावत असेल तर उष्णता जास्त किंवा उजेड कमी आहे, आणि खाली पडणारे पराग त्या टोकाला लागत नाहीत. अशा फुलाखाली गडद रंगाचा चमचा धरून टिचकी मारावी, चमच्यात पिवळी भुकटी पडते. तीत ते हिरवं टोक अलगद बुडवावं.

हंगाम

फळधारणेला दिवसा साधारण २१ ते २९ अंश आणि रात्री १५ ते २१ अंश तापमान मानवतं. दिवसाचा पारा ३५ च्या वर गेला की पराग निकामी होऊ लागतात, मग कितीही टिचक्या मारा. एप्रिल-मेमध्ये काचा लावलेली गॅलरी तापते ती याहून जास्त. जुलै-ऑगस्टात उलटी अडचण: ज्या दिवसांत आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, त्या दिवसांत परागही ओले होऊन नळीतच चिकटून बसतात.

म्हणून कोल्हापुरात बी गणपतीच्या सुमारास टाकावं. चेरी टोमॅटो घेतला तर दिवाळीच्या आगेमागे फुलं येतात आणि पुढचे तीन महिने हवा अगदी सोयीची असते. घरासाठी मी चेरीच सुचवेन. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हे वाण चांगलेच आहेत, पण ते शेतासाठी काढलेले. कुंडी १५ ते २० लिटरची हवी.

सहा तास थेट ऊन लागतंच. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं. मे महिन्यात तो डोक्यावर असतो आणि तीच गॅलरी सावलीत जाते. ऊन मिळत नसेल तर रोपांसाठीचा एलईडी दिवा दिवसाला १४-१६ तास लावावा, पण रात्रभर नको. सतत उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात.

खत

झाड गर्द हिरवं, पानं मोठी आणि फुलं तुरळक, असं असेल तर नत्र जास्त झालंय. युरिया, १९:१९:१९ बंद करा (हे आकडे पिशवीवर असतात: नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने टक्के). कळ्या दिसल्या की कृषी सेवा केंद्रात मिळणारं ०:०:५० हे खत लिटरला एक ग्रॅम या मापाने पंधरा दिवसांतून एकदा पुरे. वेलासारख्या वाढणाऱ्या जातीची बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारा फुटवा, काढत राहावी, बुटक्या जातीची काढू नये.

फळ धरल्यावर

फूल सुकून त्याच्या मागे हिरवा मणी दिसला की सेटिंग झालं. आता सगळी काळजी पाण्याची. कुंडी एक दिवस कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं, कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. वर उसाच्या पाचटाचा थर द्यावा, आपल्याकडे तो कुठेही मिळतो. डाग पडलेली फळं काढून टाकावीत. वरच्या घोसांना फुलं येतच असतात, त्यांच्या टिचक्या चालू ठेवाव्यात. चेरीची फळं साधारण सहा आठवड्यांत पिकतात.