ऑनलाइन लिलावात विकणाऱ्यालाच गंडवणारं गिऱ्हाईक: माल कसा विकावा, परत कसा घ्यावा

‘तक्रार आली की वाद घालू नका, पैसे परत द्या, रेटिंग जपा.’ लिलावाच्या साइटवर नव्यानं विकायला बसलेल्या प्रत्येकाला हा सल्ला कुणीतरी देतंच. भामट्यांची पोटं याच सल्ल्यावर भरतात. ‘सगळ्याचा व्हिडिओ काढून ठेवा’ हा दुसरा सल्ला. तो चूक नाही, पण अर्धा आहे. राहिलेला अर्धा खाली सांगतो.

मी कोल्हापुरातून चपला आणि जुने पितळी अडकित्ते ईबेवर परदेशी विकतो. बाझी ही कंपनी घेऊन ईबे २००४ साली भारतात आली, २०१८ मध्ये तिची इथली साइट बंद झाली. पण इथं बसून बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकता येतं. खातं, केवायसी, बरे फोटो एवढं तुम्हाला जमतं असं धरून चालतो.

१. लिस्टिंगमध्ये (म्हणजे साइटवरच्या विक्रीच्या जाहिरातीत) बहाण्याला जागा ठेवू नका

चपलेचं माप फक्त नंबरात देऊ नका. भारतीय, ब्रिटिश आणि अमेरिकन नंबरांच्या घोळात प्रामाणिक माणूसही अडकतो, लबाडाला तर ते आयतं कुरण. तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा आणि पट्टी ठेवून फोटो टाका. चामड्याला वास येतो, नवी चप्पल करकर वाजते, सुरुवातीला चावते, दोन्ही पायांचा रंग तंतोतंत सारखा नसतो, हे सगळं स्पष्ट लिहा. विक्री कमी होईल म्हणून घाबरू नका. ज्याला वास नको तो घेणार नाही, हे आपल्याच फायद्याचं.

अडकित्त्याला भाव यावा म्हणून ‘शंभर वर्षं जुना’ असं ठोकून देऊ नका. खोटं असेल तर तक्रारीचं कारण आपणच पुरवलं. खरं असेल तर आणखी पंचाईत, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपुढची पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही.

२. पैसे

लिलाव जिंकून गप्प बसणाऱ्याला चार दिवस द्या, पाचव्या दिवशी ऑर्डर रद्द करून त्याला ब्लॉक करा. ‘पैसे आले’ अशा मेलवर जाऊ नका, खात्यात शिरून बघा. देशातलं गिऱ्हाईक ‘क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

३. पत्ता

ऑर्डरवर आहे त्याच पत्त्यावर पाठवा. पैसे भरल्यावर ‘मामाच्या घरी पाठवा’ असा निरोप आला तर ऑर्डर रद्द. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचं नाही, जे बोलायचं ते साइटच्या मेसेजमध्येच. ट्रॅकिंगशिवाय काहीही पाठवू नका, आणि साडेसातशे डॉलर किंवा त्यावरच्या ऑर्डरीला सहीची पोच घ्याच.

४. वजन आणि तळवा

खरी गोची इथून सुरू होते. गिऱ्हाईक म्हणतं, ‘माल वर्णनाप्रमाणे नाही.’ मग परतीच्या खोक्यात दुसरंच काहीतरी येतं. माझ्याकडं चपलांच्या जागी रबरी स्लीपर आल्या होत्या, त्याही घासलेल्या. अशा वेळी पॅकिंगचा लांबलचक व्हिडिओ हाताशी असून फारसा उपयोग होत नाही. साइटतर्फे निकाल देणारा माणूस फोटो आणि कागद बघतो, तेही भराभर. त्याला एका नजरेत पटेल असं काहीतरी लागतं.

ते म्हणजे वजन. पोस्टाच्या पावतीवर पार्सलचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं आणि ते तिसऱ्या माणसानं केलेलं असतं. घरी डिजिटल काट्यावर आधी नुसती वस्तू, मग बंद खोकं ठेवून आकड्यासह फोटो घ्या. मग पोस्टात. काउंटरवर पावती हातात आली की वजन तिथंच वाचा. चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या, मागं रांगेतले कुरकुरले तरी चालेल.

दुसरी गोष्ट तळव्याची. हातानं केलेल्या दोन चपला कधीच हुबेहूब नसतात. चामड्याच्या सुरकुत्या, कानाची (बाजूच्या पट्टीची) शिवण, वेणीचा पीळ जोडागणिक वेगळा. दोन्ही तळव्यांचे आणि कानांचे फोटो उजेडात, जवळून घ्या. त्याच कारागिराचा दुसरा जुना जोड कुणी परत पाठवला तरी हे फोटो शेजारी ठेवले की फरक दिसतो. अडकित्त्याच्या बाबतीत खिळ्याची जागा आणि पात्यावरचे ओरखडे टिपा.

५. तक्रार आली की

तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्या. ‘माल परत घेणार नाही’ असं लिस्टिंगमध्ये लिहिलं असलं तरी ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीपुढं ते टिकत नाही, आणि परतीचा खर्चही विकणाऱ्याच्याच डोक्यावर पडतो.

लबाडाचा सगळा हिशेब या खर्चावर उभा असतो. अमेरिकेहून कोल्हापूरला खोकं परत आणायचं तर चपलेपेक्षा टपाल महाग पडतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो गोड बोलतो: ‘निम्मे पैसे परत द्या, मी ठेवून घेतो.’ माझं मत ठाम आहे: अर्ध्या पैशाचा सौदा करायचा नाही. फोटोत खरंच शिवण उसवलेली दिसली तर सगळे पैसे द्या आणि मोकळे व्हा. नाहीतर ‘माल परत पाठवा’ म्हणा, खर्च अंगावर आला तरी. ज्याला वस्तू ठेवून घ्यायचीच असते तो यावर बऱ्याचदा गप्प होतो, परतीची मुदत टळते आणि केस बंद करता येते. अगदी स्वस्त मालात हे परवडत नाही, म्हणून मी स्वस्त माल परदेशी पाठवतच नाही.

‘वाईट रेटिंग देईन’ अशी धमकी आली तर ती साइटला कळवा. असं धमकावणं तिथल्या नियमात बसत नाही. उलट रेटिंग देऊन फेड करू म्हणाल तर २००८ पासून विकणाऱ्याला खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देताच येत नाही.

६. खोकं परत आलं

फोडायच्या आधी वजन करा. लेबल, ट्रॅकिंग नंबर आणि काट्यावरचा आकडा एकाच फोटोत आणा. फरक दिसला तर पोस्टातल्या माणसासमोर उघडता येतं का विचारा. न जमल्यास घरी एका सलग शॉटमध्ये उघडा, खोकं कॅमेऱ्याबाहेर जाऊ देऊ नका. मग पाठवतानाचा आणि परतीचा फोटो शेजारीशेजारी लावून, दोन्ही वजनं लिहून, साइटला दहा ओळींत कळवा. शिव्या नकोत, ‘मी गरीब कारागिरांचा माल विकतो’ हेही नको.

पैसे परत द्यायचं बटण याआधी दाबू नका. निकाल विरुद्ध गेला तर केस बंद झाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. पोलिसात दिलेल्या तक्रारीची प्रत त्याला जोडा. परदेशातला माणूस हाती लागेल अशी आशा धरू नका, कागद म्हणून ती प्रत कामाची. खरेदीदार देशातलाच असेल तर मात्र १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पैसे पुढं सरकायच्या आत.